पीएचडीच्या विद्यार्थ्याला कारखान्यात जाऊ द्या

डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलामांची जयंती आपल्या उर्दू शाळांत मोठ्या आदराने साजरी होते. क्षेपणास्त्रं, राष्ट्रपतीपद, गरिबी, सगळ्यावर भाषणं होतात. एक गोष्ट मात्र सहसा राहून जाते. मद्रास इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतून बाहेर पडल्यावर कलाम बंगळूरच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्समध्ये प्रशिक्षणार्थी म्हणून गेले. विमानांची इंजिनं उघडून दुरुस्त करणाऱ्या गटात त्यांनी काम केलं. १९५८ मध्ये ते संरक्षण खात्यात रुजू झाले, ते यानंतर.

आज संरक्षण संशोधनात पीएचडी करणाऱ्या मुलामुलींच्या वाट्याला हा टप्पा सहज येत नाही. तो यायला हवा, आणि नियम म्हणून यायला हवा, असं माझं स्पष्ट मत आहे.

पुण्याचंच पाहा. पाषाणला एआरडीई, सुतारवाडीला एचईएमआरएल, गिरिनगरला डायट. पिनाक रॉकेट यंत्रणा एआरडीईने विकसित केली, पण तिचे लाँचर टाटा आणि एल अँड टी बनवतात, रॉकेटं नागपूरच्या कारखान्यातही तयार होतात. अटॅग्स तोफेचंही तसंच. मार्च २०२५ मध्ये ३०७ तोफांचा करार झाला, तो भारत फोर्ज आणि टाटा यांच्याशी.

प्रयोगशाळेत रॉकेटच्या घन इंधनाचं थोडंसं मिश्रण उत्तम जमतं. तेच मोठ्या प्रमाणावर ओतताना आत हवेची पोकळी राहिली, तर जळणारा पृष्ठभाग अचानक वाढतो, दाब वाढतो आणि मोटर फुटू शकते. प्रबंधासाठी मोजके नमुने पुरतात. कारखान्यात हजारावा नमुनाही पहिल्यासारखाच निघावा लागतो. ही अक्कल पुस्तकातून येत नाही.

सरकारने २०२२-२३ च्या अर्थसंकल्पात संरक्षण संशोधनाच्या तरतुदीपैकी २५ टक्के वाटा उद्योग, स्टार्टअप आणि शिक्षणसंस्थांसाठी खुला केला. मग संशोधक विद्यार्थ्याला सहा महिने कंपनीत पाठवायला काय हरकत आहे?

हरकत आहे ती अटींची. कंपनीला स्वस्तात हुशार माणूस मिळाला आणि विद्यार्थ्याचं वर्ष वाया गेलं, असं होता कामा नये. म्हणून पहिली अट, पूर्ण विद्यावेतन. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठीची मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप २०२२-२३ पासून बंद झाली. ज्याच्या घरी महिन्याचा किराणा त्याच पैशांवर येत होता, तो बिनपगारी इंटर्नशिप कशी करेल? दुसरी अट, गोपनीय काय आणि प्रबंधात छापता येईल काय, हे पहिल्याच दिवशी लेखी ठरावं. नाहीतर चार वर्षांचं काम कपाटात बंद होईल. तिसरी अट, कंपनीतला काळ पीएचडीच्या मुदतीत अडचण ठरू नये.

आता आपल्या मोहल्ल्यातला प्रश्न. “सर, तिथे आपल्या पोरांना कोण घेणार?” पालक हे मला सरळ विचारतात. त्यांची भीती मी हसण्यावारी नेत नाही. सुरक्षेची पडताळणी व्हायलाच हवी, पण सगळ्यांना एकच नियम असावा, तिला ठराविक मुदत असावी आणि निवडीचे निकष जाहीर असावेत. ओळखीपाळखीने जागा भरल्या तर ज्यांचं कुणी नाही ते दाराबाहेरच राहतील. मात्र अर्जच न करणं हे त्याचं उत्तर नाही. न केलेल्या अर्जाचा हिशोब कुणाकडे मागणार?

उलट मला वाटतं, कारखाना हीच आपल्या मुलांची ताकदीची जागा आहे. मालेगाव-भिवंडीत यंत्रमागाच्या खडखडाटात वाढलेला मुलगा, गॅरेजवाल्याची मुलगी, यांना यंत्राचा आवाज बिघडला की आधी कळतं. इंग्रजी मुलाखतीत ती अडखळतील, पण यंत्रापुढे उभी केली तर त्यांचं ज्ञान दिसेल.

इल्म हासिल करा, असं आपण मुलांना सांगतोच. त्या इल्मला हाताचं काम जोडून द्या, ही मागणी आता विद्यापीठांकडे आणि सरकारकडे करायला हवी. आणि आपल्या घरातला मुलगा किंवा मुलगी पीएचडी करत असेल, तर “नोकरी कधी लागणार?” याआधी “कंपनीत काम शिकायला कधी जाणार?” हे विचारायला हवं.