लूत लागलेल्या कुत्र्याला जळकं ऑईल नको

मागच्या पावसाळ्यात मारुंजीला एका वस्तीवर पाहिलेलं चित्र अजून डोळ्यांपुढून हलत नाही. राखणीचं गावठी कुत्रं, निम्मे केस गळालेले आणि सगळं अंग काळंकुट्ट. विचारलं तर पोरगं म्हणालं, "लूत लागलीय, म्हणून गाडीचं जळकं ऑईल फासलंय." कुत्रं गोठ्याच्या कोपऱ्यात बसून तेच ऑईल चाटत होतं.

पोराला बोल लावण्यात अर्थ नाही. मोठ्यांचं बघूनच तो शिकला. पण हा उपाय काही वाडवडिलांचा नव्हे. ट्रॅक्टर-गाड्या आल्या, त्यांच्यामागून तो आला. आता हिंजवडी-चाकण पट्ट्यात पावलोपावली गॅरेज आहे, डबाभर ऑईल कुणीही देतं. तेलाने किडे गुदमरतात, म्हणून कधी गुण आल्यासारखं वाटतं. पण त्या ऑईलमध्ये धातूंचे कण आणि जळणाचे विषारी अंश असतात. कातडी पोळते, आणि चाटल्यावर ते विष पोटात जातं.

मग वाडवडील काय करत? कडुनिंबाचा पाला, करंजाचं तेल, हळद. खंडोबाजवळ कुत्रं असतं आणि त्याचा भंडारा म्हणजे हळदच, हे आपल्याला सांगायला नको. जखमेवर हळद लावण्याचं पेटंट अमेरिकेत १९९५ साली दिलं गेलं. तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असलेल्या आपल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने हरकत घेतली, आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात खरुजेच्या ८१४ रुग्णांना कडुनिंब आणि हळदीचा लेप लावला, आणि ९७ टक्के रुग्ण ३ ते १५ दिवसांत बरे झाल्याची नोंद आहे. म्हणजे हे ज्ञान टाकाऊ नाही.

पण मंडळी, ते रुग्ण माणसं होती. माणूस लेप चाटत नाही, आणि त्याच्या अंगावर दाट केस नसतात. शिवाय केस गळालेलं प्रत्येक कुत्रं एकाच रोगाचं नसतं. कुणाला कातडीत बोगदे करणारे खरजेचे किडे असतात, कुणाला केसांच्या मुळाशी राहणारे दुसरेच किडे, कुणाला गजकर्ण, तर कुणाला नुसती गोचीड-पिसवांची खाज. वरून सगळं सारखंच दिसतं. कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय नेमकं कळत नाही. त्यातली खरूज आणि गजकर्ण घरातल्या पोराबाळांनाही लागू शकतं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की झाडपाल्याला त्याची जागा द्या, पण डॉक्टरची जागा देऊ नका. पाला उकळून गार केलेल्या पाण्याने अंघोळ घाला. खाज थोडी शमते, अंग स्वच्छ राहतं. तेल लावायचंच तर खोबरेल तेलात थोडंसं करंज तेल मिसळून आधी लहानशा जागी लावून बघा, आणि ते चाटणार नाही याची काळजी घ्या. निव्वळ कडुनिंबाचं तेल पिल्लांना आणि गाभण कुत्रीला लावू नका. बिब्बा, रुईचा चीक, तंबाखूचं पाणी, सीताफळाच्या बियांची पूड यांच्या वाटेला जाऊच नका. कातडी भाजते, डोळा जातो, नाही तर विषबाधा होते. गुराचं उरलेलं इंजेक्शन अंदाजाने टोचणं हाही तसाच जीवघेणा प्रकार. त्याचं प्रमाण वेगळं असतं, आणि काही जातींच्या कुत्र्यांना त्यातली काही औषधं सोसतच नाहीत.

गावठी कुत्र्यासाठी कोण डॉक्टर बोलावतो, असं तुम्ही म्हणाल. बोलावू नका. पण गाय-म्हैस तपासायला डॉक्टर वस्तीवर येतात, तेव्हा दारातलं कुत्रंही बांधून ठेवा आणि तेवढं दाखवून घ्या. आपण झोपतो तेव्हा गोठा तेच राखतं. त्याच्या अंगाची आग निदान आपल्या हाताने तरी वाढायला नको.