आजीची सोय आणि गावाची जबाबदारी

१४ नोव्हेंबर आला की शाळा-महाविद्यालयांतून बालदिन साजरा होतो. भित्तिपत्रके लागतात, भाषणे होतात आणि ‘मुले म्हणजे उद्याचे नागरिक’ हे वाक्य किमान तीन वक्ते तरी उच्चारतात. नेमक्या त्याच सुमारास आपल्या जिल्ह्याच्या दक्षिण भागातून, पाथर्डी, शेवगाव, जामखेड या तालुक्यांतून, ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघालेल्या असतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडीकुंडी, सरपण, शेळ्या आणि मुले एकत्रच बसलेली असतात. या दोन चित्रांतील अंतराविषयी मला चार शब्द लिहावयाचे आहेत.

बालकांवरील अत्याचार म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे कोणी अनोळखी, दुष्ट मनुष्य उभा राहतो. वस्तुस्थिती निराळी आहे. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली १३ राज्यांतील १२ हजारांहून अधिक मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. महाराष्ट्रही त्यात होता. दर तीन मुलांपैकी दोघांनी मारहाण सोसलेली होती. लैंगिक अत्याचार करणाऱ्यांपैकी निम्मे लोक तर त्या मुलांच्या ओळखीचे व विश्वासातले निघाले. धोका जर घराच्या आसपासच असेल, तर त्यावरचा सारा उपाय पोलीस ठाण्यात कसा सापडेल? पोलीस येतात ते घटना घडून गेल्यावर. घटना घडण्याआधी त्या घराच्या उंबरठ्याशी कोण उभे असते, हा खरा प्रश्न आहे.

कायद्यांची आपल्याकडे वाण नाही. बालविवाह प्रतिबंध कायदा २००६ चा, लैंगिक अत्याचारापासून बालकांना संरक्षण देणारा पोक्सो कायदा २०१२ चा. गावोगावी ग्राम बाल संरक्षण समिती असावी असेही शासनाने ठरविले आहे. सरपंच अध्यक्ष, अंगणवाडी सेविका सचिव, आणि पोलीस पाटील, शिक्षक वगैरे सभासद, अशी तिची रचना. योजना उत्तम आहे. पण मी एका गावात चौकशी केली तेव्हा समितीच्या दोन सभासदांना आपण सभासद आहोत ही बातमी माझ्याकडूनच कळली. वर्षभरात बैठक झाली का, असे विचारल्यावर ‘सह्या झाल्या आहेत’ एवढेच उत्तर मिळाले.

आता ऊसतोडीच्या घरात डोकावून पाहा. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर, आणि कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. जोडी तुटली की उचल तुटली. मुलगी तेरा-चौदा वर्षांची झाली की आईबापांपुढे पेच पडतो. फडावर न्यावी, तर कोपीला दार नाही आणि आईबाप पहाटेच ऊस तोडायला जाणार. गावी ठेवावी, तर पाच-सहा महिने सांभाळणार कोण? लग्न लावून दिले की काळजी मिटते आणि नवा कोयताही तयार होतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातील २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी शंभरात सुमारे २२ जणींची लग्ने अठराव्या वर्षाच्या आत झालेली होती. अशा बापाला आपण क्रूर म्हणून मोकळे होतो. मला तो अगतिक दिसतो.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. माझे आईवडील कोयत्यावर जात. मी आजीजवळ राहिले आणि शाळेतील हंगामी वसतिगृहाच्या योजनेमुळे दोन वेळचे जेवण मिळाले. सातवीत आम्ही पाच मैत्रिणी होतो. त्यांतील दोघींच्या घरी आजी नव्हती. त्या दोघींची लग्ने दहावीच्या आत झाली. त्यांतली एक गणितात माझ्यापुढे होती. आमच्या घरातून महाविद्यालयात आलेली मी पहिली, म्हणून माझे कौतुक होते. परंतु तिच्या आणि माझ्या आयुष्यातील फरक बुद्धीचा नव्हता, आजीचा होता. माझे म्हणणे एवढेच आहे, की ज्या घरात आजी नाही तेथे ते काम गावाने करावे. मुलाचे रक्षण करावयाचे असेल तर आधी त्याच्या घराला टेकू द्यावा लागतो.

हे स्वप्नरंजन आहे असे कोणी म्हणेल. त्यांनी जामखेडकडे पाहावे. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबेल आरोळे या दांपत्याने तेथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. तेव्हा त्या भागात हजारी पावणेदोनशेच्या घरात अर्भके दगावत. आरोळ्यांनी गावानेच निवडलेल्या बायका हाताशी धरल्या. त्यांतील कित्येक निरक्षर होत्या, कित्येक दलित होत्या. त्या घरोघर जात, मुलांची वजने करीत, बाळंतिणीची चौकशी करीत. महिला मंडळे उभी राहिली आणि बालमृत्यू झपाट्याने घटले. १९७९ साली या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. जी बाई मुलाचे वजन करायला घरात जाऊ शकते, तिला त्या मुलाच्या पाठीवरचा वळ दिसतो आणि मोठ्या बहिणीच्या लग्नाची कुजबुजही कानी येते. नगर शहरातही वेश्यावस्तीतील मुलांसाठी डॉ. गिरीश कुलकर्णी यांनी १९८९ साली स्नेहालय सुरू केले. तरुणांनी मनावर घेतले तर काय होऊ शकते, याचे ते उदाहरण आहे.

एक धोका मात्र स्पष्ट सांगितला पाहिजे. गावाने लक्ष घालावे याचा अर्थ गावकीने प्रकरण मिटवावे असा नाही. आपल्याकडे ‘गावाची अब्रू’ या नावाखाली पोरीचे तोंड बंद करण्याची रीत आहे. लैंगिक अत्याचाराची माहिती कळूनही ती न देणे हा पोक्सो कायद्याप्रमाणे गुन्हा आहे. तेथे तडजोडीला जागा नाही. समितीचे काम अशी वेळ येण्यापूर्वीचे आहे, आणि आलीच तर १०९८ या क्रमांकावर कळवून त्या मुलामागे उभे राहण्याचे आहे.

मित्रहो, आपण काय करू शकतो? राष्ट्रीय सेवा योजनेचे आपले शिबिर दरवर्षी सात दिवस खेड्यात असते. आपण रस्ते झाडतो, रोपे लावतो, समारोपाला फोटो काढतो. प्राध्यापकांना माझी विनंती आहे, की येत्या वर्षी शिबिर दक्षिणेतील एखाद्या गावात, टोळ्या निघण्याआधी घ्यावे. कोणत्या घरची मुले मागे राहणार, कोणती बरोबर जाणार, याची यादी अंगणवाडी सेविकेबरोबर बसून करावी. हंगामी वसतिगृह वेळेवर सुरू व्हावे म्हणून शाळेमार्फत पाठपुरावा करावा. आई किंवा वडील गमावलेल्या मुलांसाठी बालसंगोपन योजनेतून दरमहा २२५० रुपये मिळतात. ते अर्ज भरून द्यावेत. समितीची एक तरी खरी बैठक आपल्यासमोर व्हावी आणि तीत मुलींनाही बोलू द्यावे.

रोपे आपण पुढच्या वर्षीही लावू. पण सातवीतून उठवलेली मुलगी पुढच्या वर्षी शाळेत परत येत नाही. तिच्या घरी आजी नसेल, तर त्या हंगामात तिच्या घरचे दार कोणी तरी ठोठावलेच पाहिजे.