भावना दुखावतात, म्हणजे काय दुखावते?

धार्मिक श्रद्धेविषयी कुणी साधा प्रश्न केला तरी समोरचा माणूस का खवळतो, याचे एक ठरलेले उत्तर आपल्याकडे दिले जाते. श्रद्धेपाशी पुरावा नसतो, म्हणून ती प्रश्नाला घाबरते. हे उत्तर मला पटत नाही. कोल्हापूरचा गेल्या सव्वाशे वर्षांचा इतिहास पाहिला तर देव आहे की नाही, ग्रंथ खरा की खोटा, यावरून इथे फारशी भांडणे झालेली दिसत नाहीत. भांडणे झाली ती देवापुढे कोणी कुठे उभे राहायचे यावरून. प्रश्न आला की माणूस बचावाला उभा राहतो तो त्या श्रद्धेने त्याला दिलेल्या जागेसाठी. त्या जागेत मान असतो, नाती असतात, कुणाचे पोट असते आणि वाडवडिलांशी राखलेले इमान असते.

वेदोक्त प्रकरण आठवा. एकोणिसावे शतक संपता संपता शाहू महाराज कार्तिकस्नानासाठी पंचगंगेवर जात. पुरोहित त्यांच्यासाठी पुराणोक्त मंत्र म्हणतो, आणि तेही स्वतः आंघोळ न करता, हे सोबत असलेल्या राजारामशास्त्री भागवतांच्या ध्यानात आले. महाराजांनी विचारणा केली, तेव्हा शूद्राला वेदोक्ताचा अधिकार नाही, असे उत्तर मिळाले. महाराजांनी वेद नाकारले नव्हते. आपले विधी वेदमंत्रांनीच व्हावेत, एवढीच त्यांची मागणी होती. वेदांना याहून मोठा मान कोणता द्यायचा? तरीही वाद असा पेटला की १९०१ साली टिळकांनी ‘केसरी’तून या मागणीविरुद्ध लेख लिहिले, राजोपाध्यांनी वेदोक्त विधी करायचे नाकारले, महाराजांनी १९०२ मध्ये त्यांची वतने जप्त केली आणि गाऱ्हाणे पार व्हाइसरॉयपर्यंत गेले. विरोधकांपाशी शास्त्राधार होता. कलियुगात क्षत्रिय उरलेलेच नाहीत, असे ते म्हणत. पण पुरावाच पाहायचा तर याच घराण्याच्या मूळ पुरुषाला गागाभट्टांनी १६७४ साली रायगडावर वेदमंत्रांनी अभिषेक केला होता, आणि हे न जाणणारा शास्त्री कोल्हापुरात सापडला नसता. पुराव्याचा उपयोग झाला नाही, कारण वाद पुराव्याचा नव्हताच. महाराजांना वेदोक्त मिळाल्याने वेदांतले एक अक्षरही कमी होणार नव्हते. कुणासाठी कोणते मंत्र म्हणायचे, हे ठरवण्याचा पिढीजात अधिकार मात्र जाणार होता. दुसऱ्या बाजूने महाराजांची जखमही त्याच जातीची होती. आपल्याच राज्यात, आपल्याच नदीच्या घाटावर, आपल्याच पुरोहिताने त्यांना खालची पायरी दाखवली होती. म्हणून त्यांनी धर्म सोडला नाही. १९२० मध्ये क्षात्रजगद्गुरूंचे पीठ स्थापून त्यांनी धर्माच्या आतच आपल्या लोकांसाठी नवी जागा उभी केली.

अंबाबाईच्या गाभाऱ्यात स्त्रियांनी जायचे की नाही, हा अलीकडचा वाद. एप्रिल २०१६ मध्ये उच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर तो ऐन भरात आला. देवी स्वतः स्त्री, तरी तिच्या गाभाऱ्याला स्त्रीचा विटाळ कसा, हा प्रश्न इतका सरळ आहे की त्याला उत्तर नाही. तरीही विरोध करणाऱ्यांत स्त्रियाही होत्या. त्यांना अडाणी म्हणून मोकळे होणे सोपे आहे, पण ते अन्यायाचे आहे. बंदी चुकीची होती हे आज मान्य केले, तर आई, आजी, पणजी जन्मभर उंबऱ्याबाहेरून हात जोडत राहिल्या त्याचे काय, हा प्रश्न उरतो. ते बाहेर उभे राहणे भक्ती नव्हती, नुसता अपमान होता, असे आपल्याच तोंडाने म्हणावे लागते. गेलेल्या माणसांचे आयुष्य असे उणे करायला कोणती लेक सहज तयार होईल?

यावर कुणी म्हणेल, तुम्ही साऱ्या श्रद्धेचा हिशेब मानपान आणि उत्पन्न यांतच मांडता. निखळ भक्ती नावाचे काही असते की नाही? असते, आणि ती आहे म्हणूनच मी हा भेद करतो. आपल्या संतांनी विठ्ठलाशी भांडण मांडले, त्याला खडे बोल सुनावले, आणि त्याने त्यांची भक्ती तसूभरही उणावली नाही. ज्याचे नाते थेट देवाशी आहे त्याला प्रश्नाची भीती नसते. भीती वाटते ती ज्याचे नाते मधल्या व्यवस्थेशी बांधलेले आहे त्याला. जून २०१७ मध्ये अंबाबाईला घागरा-चोळी नेसवली म्हणून शहर संतापले. बघता बघता तो संताप पुजाऱ्यांच्या वंशपरंपरागत हक्काकडे वळला, आणि २०१८ साली पगारी पुजाऱ्यांसाठी विधिमंडळाने कायदा केला. वस्त्रावरून निघालेली गोष्ट इतक्या लवकर हक्कावर पोचली, कारण ठिणगी वस्त्राची असली तरी दारू हक्काचीच होती.

हे खरे असेल तर प्रश्न विचारायची रीत बदलायला हवी. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ कोहेन, ॲरनसन आणि स्टील यांनी २००० साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. फाशीच्या शिक्षेबाबत ठाम मते असलेल्यांना विरुद्ध बाजूचा पुरावा वाचायला दिला होता. त्याआधी ज्यांना आपल्याला मोलाच्या वाटणाऱ्या वेगळ्याच एखाद्या गुणाविषयी लिहायला सांगितले, त्यांनी तो पुरावा अधिक मोकळ्या मनाने तोलला. आपली किंमत शाबूत आहे याची खात्री पटली की माणूस ऐकतो. आपल्याकडे याचा दाखला गणपती विसर्जनात आहे. पंचगंगा वाचवा, मूर्ती दान करा, असे कार्यकर्ते सांगू लागले तेव्हा धर्मबुडवे ही शिवी त्यांना ऐकावी लागली. आज शहरातल्या बहुतेक मूर्ती इराणी खणीत आणि कुंडांत जातात. लोकांचे शास्त्र बदलले नाही. गौरी-गणपतीची आरती तशीच होते, बाप्पाचा जयघोष तोच, लेकरांच्या डोळ्यांतले पाणीही तेच. नदी सोडताना घराने काही गमावले नाही, आणि म्हणून ते सोडू शकले.

सर्वांत कठीण आक्षेप मी टाळू शकत नाही. कॉम्रेड गोविंद पानसरे याच रीतीने बोलत होते. ‘शिवाजी कोण होता?’ हे त्यांचे छोटे पुस्तक शिवाजी महाराजांवर जीव असलेल्या माणसाला जवळ घेते आणि मग रयतेच्या राजाविषयी प्रश्न करते. त्यात कुणाचा उपमर्द नाही. तरी १६ फेब्रुवारी २०१५ च्या सकाळी, पत्नीसह फिरून घरी येताना, याच शहरात त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि २० तारखेला ते गेले. मग या सौजन्याचा उपयोग काय? माझे उत्तर असे की दुखावलेला भाविक आणि पिस्तूल घेऊन दबा धरणारा माणूस यांना एका मापाने मोजता येत नाही. पहिल्याला आपली जागा जाईल अशी धास्ती असते आणि ती बोलून कमी होते. दुसऱ्याला प्रश्नच नको असतो, मग तो कितीही हळुवार विचारा. त्याचा बंदोबस्त तपास यंत्रणेने आणि न्यायालयाने करायचा. त्याच्या भीतीने पहिल्याशी बोलणे थांबवले, तर दोघांनाही एकाच रांगेत बसवण्याचे काम आपणच केले असे होईल. आणि नेमाने प्रश्न विचारणाऱ्यांनी, माझ्यासकट, एक बघावे. आपल्या विवेकनिष्ठेवर, आपल्या महापुरुषावर कुणी बोट ठेवले की आपलाही आवाज चढतोच. त्या क्षणी आपण कोणता पुरावा तपासत असतो, आणि कोणती जागा राखत असतो?