पिशवीतला पू आणि एच१०.९

ग्रामीण रुग्णालयाच्या ओपीडीत डोळ्याची तक्रार घेऊन आलेल्या रुग्णाच्या केसपेपरवर निदानाच्या रकान्यात अनेकदा एकच शब्द असतो: कंजंक्टिव्हायटिस. ऑपरेटर त्याला आयसीडी-१० या आजारांच्या वर्गीकरणातला एच१०.९ हा कोड लावून पुढच्या कागदाकडे वळतो. डोळे आलेला शाळकरी मुलगा, वर्षभर डोळा गळणारी पन्नाशीची बाई आणि आठ दिवसांचं बाळ, तिघेही एकाच कोडात जमा होतात. यात ऑपरेटरचा दोष नाही. कागदावर जे नाही ते त्याने कुठून आणायचं?

सोयगावसारख्या तालुक्यात ही ढिलाई जास्त महागात पडते. अजिंठ्याच्या डोंगररांगेखालचा हा तालुका छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात असला, तरी इथल्या लोकांना पाचोरा आणि जळगावच जवळ. बनोटीकडचा रुग्ण आज सोयगावला दाखवतो, महिन्याभराने पाचोऱ्यात, आणि शस्त्रक्रियेची वेळ आली की जळगावला नाहीतर संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात. डॉक्टर दर वेळी नवा. मागचं जे काही कळायचं ते त्याला केसपेपरवरूनच कळणार.

पन्नाशीच्या त्या बाईचंच घ्या. उजवा डोळा सारखा गळतो, सकाळी चिपडं येतात. थेंब टाकले की चार दिवस बरं वाटतं, पुन्हा तेच. अशा वेळी डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यावर अंगठ्याने हलका दाब द्यावा. पापणीच्या कडेवरच्या इवल्याशा छिद्रातून पू उलटून डोळ्यात आला, की निदान तिथेच झालं. हा अश्रुपिशवीचा जुना दाह, गावातलं लासरू. मध्यमवयीन बायकांमध्ये तो जास्त आढळतो. याचा कोड एच०४.४. पिशवी अचानक सुजून लाल झाली, हात लावू देत नाही इतकी दुखू लागली, तर एच०४.३. पू नाही, सूज नाही, नळी नुसतीच अरुंद झाली असेल तर एच०४.५. आणि कारण कळलेलंच नाही, फक्त पाणी गळतं, तर एच०४.२, हे लक्षण आहे, निदान नव्हे. दाब देऊन पाहायला अर्धं मिनिटही लागत नाही, आणि त्यावरून उपचाराची दिशाच बदलते.

हीच बाई सहा महिन्यांनी मोतीबिंदूच्या शिबिरात येते. जुन्या कागदावर एच१०.९ असेल तर वाचणाऱ्याला वाटतं, डोळे आले होते, बरे झाले. गर्दीच्या दिवशी सिरिंजिंग, म्हणजे अश्रुनळीत पाणी सोडून पाहणं, राहून गेलं, तर पिशवीतले जंतू शस्त्रक्रियेच्या जखमेतून आत शिरू शकतात, आणि एंडॉफ्थॅल्मायटिसने, म्हणजे डोळ्याच्या आतल्या जंतुसंसर्गाने, डोळा जाऊ शकतो. कागदावर एच०४.४ असेल, तर आधी डीसीआर (अश्रुपिशवीची शस्त्रक्रिया), मग मोतीबिंदू, हा क्रम कुणाला सांगावा लागत नाही. कापसाची वेचणी आणि मक्याची कापणी करणाऱ्या हातांच्या या तालुक्यात दुसराही धोका आहे. बुबुळाला पानाचा किंवा काडीचा साधा ओरखडा गेला आणि शेजारी पुवाने भरलेली पिशवी असली, तर त्याचा व्रण व्हायला वेळ लागत नाही. अशा रुग्णाच्या नोंदीत एच१६.० आणि एच०४.४ दोन्ही हवेत. फक्त व्रण नोंदला, तर उपचारही फक्त व्रणाचा होतो.

आता बाजूबद्दल. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-१० मध्ये उजवा-डावा हा भेद नाही. अमेरिकेच्या सुधारित आवृत्तीत तो आहे, तिथे अश्रुपिशवीच्या तीव्र दाहाला उजवीकडे एच०४.३२१ आणि डावीकडे एच०४.३२२. १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ मध्येही बाजूचा जोडकोड देता येतो. आपण चार अक्षरी कोड वापरतो, त्यामुळे बाजू शब्दांतच लिहायला हवी. ‘उजवी पिशवी, जुनाट, दाबल्यावर पू’ एवढं लिहिलं तरी पुरे.

बाळांची नोंद वेगळ्या प्रकरणात जाते. नवजाताचा नेत्रदाह किंवा अश्रुपिशवीचा दाह असेल तर पी३९.१, तो गोनोकॉकसचा असेल तर ए५४.३, आणि जन्मतः नळी बंद असेल तर क्यू१०.५. पहिल्यात नि दुसऱ्यात घाई असते. तिसऱ्यात बहुतेक बाळं मसाजने वर्षभरात बरी होतात. बाळाला एच१०.९ लावणं आम्हाला चूकच वाटतं.

जुलै २०२३ मध्ये आळंदीपासून सुरू झालेली डोळ्यांची साथ आठवा. शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात तेव्हा रुग्णांची मोठी संख्या नोंदली गेली. अशा साथीत बी३०.१ म्हणजे अ‍ॅडिनोव्हायरस, बी३०.३ म्हणजे रक्तस्रावी साथ, आणि तपासणी झाली नसेल तर बी३०.९. हा शेवटचा कोड लिहिण्यात कमीपणा नाही, तो प्रामाणिक आहे. पण साथीच्या दिवसांत लासरूचे रुग्णही त्याच आकड्यात मिसळले, तर साथ फुगलेली दिसते आणि लासरू दिसतच नाही. खुपऱ्यांबाबतही जपून. ऑक्टोबर २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातून ही सार्वजनिक आरोग्य समस्या दूर झाल्याचं मान्य केलं. त्यामुळे आता लिहिलेली ए७१ ची प्रत्येक नोंद तपासली जायला हवी, आणि अंदाजाने ती लिहिली जाता कामा नये.

वैद्यकीय अधिकारी आणि नेत्रचिकित्सा अधिकारी यांना आमची विनंती आहे: आपल्या रजिस्टरमधल्या गेल्या तीन महिन्यांतल्या एच१०.९ च्या नोंदी काढा. त्यात चाळिशीपुढचे, एकाच डोळ्याची तक्रार असलेले आणि पुन्हा पुन्हा आलेले रुग्ण वेगळे करा, आशाताईंकरवी बोलावून घ्या आणि प्रत्येकाची पिशवी दाबून पाहा. मोतीबिंदूची पुढची यादी पाठवण्याआधी हे काम पूर्ण करा.