संमतीचा कागद कोणाच्या भाषेत?

रुग्णसेवेतील नीतीबद्दल वाणिज्य शाखेच्या विद्यार्थिनीने काय लिहावे, असे कोणी विचारील. पण हा प्रश्न मला आमच्याच पाठ्यपुस्तकात भेटला. भारतीय करार कायदा, १८७२ : कलम १३. दोघांनी एकच गोष्ट एकाच अर्थाने मान्य केली, तरच ती संमती. घरभाड्याच्या करारात आपण इतके काटेकोर असतो. मग पोटाच्या ऑपरेशनच्या कागदावर 'इथे अंगठा लावा' एवढेच कसे पुरते?

रुग्णाला माहिती देणे हे डॉक्टरांचे काम. पण पुष्कळदा कागद घेऊन खाटेजवळ येते ती सिस्टर. आमच्या सीमाभागात सिस्टर कन्नड किंवा मल्याळी, रुग्ण मराठी, कागद इंग्रजी आणि दुभाषी म्हणून नातेवाईक, असे मी अनेकदा पाहिले आहे. नातेवाईक भाषांतर करतो तेव्हा जड शब्द वाटेतच गळतो. 'गाठ' असेल तिथे 'सूज' होते. रुग्णाला समजलेले नाही, हे सिस्टरला समोर दिसते. तिकडे डॉक्टर घाई करतात, इकडे घरचे हात जोडतात. तिने काय करावे?

बीचम आणि चिल्ड्रेस या अमेरिकन अभ्यासकांनी १९७९ साली आपल्या ग्रंथात वैद्यकीय नीतीची चार तत्त्वे मांडली : रुग्णाचे स्वातंत्र्य, त्याचे हित, त्याला अपाय न करणे आणि न्याय. वाचताना ती सोपी वाटतात. खाटेजवळ मात्र पहिले आणि तिसरे एकमेकांशी भांडतात. सांगावे तर रुग्ण खचेल. न सांगावे तर त्याचा हक्क गेला.

माझ्या मावशीच्या ऑपरेशनच्या वेळी काका सिस्टरना कन्नडमधून म्हणाले, "तिला काही सांगू नका, घाबरेल." सिस्टर काकांशी वाद घालत बसल्या नाहीत. मोडक्या मराठीत त्यांनी मावशीलाच विचारले, "किती सांगू तुम्हाला? सगळं, की थोडं?" मावशी म्हणाली, "काय काढणार तेवढं सांगा. घरी गेल्यावर काय झेपेल ते मला ठरवायचंय."

मला वाटते, वाट इथेच आहे. सत्य लादायचे नाही आणि लपवायचेही नाही. किती हवे ते रुग्णालाच विचारायचे. आपल्याकडे आजार एकट्याचा नसतो, साऱ्या घराचा असतो, हे मला मान्य आहे. काकांची मायाही खोटी नव्हती. पण माया म्हणजे मुखत्यारपत्र नव्हे. समीरा कोहली खटल्यात रुग्ण भुलेखाली असताना तिच्या आईची संमती घेऊन गर्भाशय काढले गेले होते. १६ जानेवारी २००८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, तातडीचा प्राणसंकटाचा प्रसंग नसेल तर सज्ञान, समर्थ रुग्णाच्या वतीने आईचीही संमती चालत नाही.

म्हणून माझे म्हणणे एवढेच : आपल्या भागातील प्रत्येक रुग्णालयात हा कागद मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषांत असावा. तो वाचून दाखवायला सिस्टरला दहा मिनिटे मिळावीत. आणि "रुग्णाला समजलेले नाही, डॉक्टरांनी पुन्हा सांगावे" असे तिने म्हटले, तर तिला बोलणी खावी लागू नयेत. आपल्या या अंकात दोन भाषा शेजारी शेजारी सुखाने नांदतात. एका कागदावर त्या नांदायला काय हरकत आहे?