आमच्यामागे याचे कोण?

विवळवेढ्याला चैत्र पौर्णिमेपासून महालक्ष्मीची यात्रा भरते. त्या गर्दीत मिसरूड फुटले तरी आईचे बोट न सोडणारा एखादा मुलगा दिसतोच. आपल्यामागे त्याचे कोण, हा आईचा घोर. बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी असणाऱ्यांना अठरा वर्षांनंतर कायदेशीर पालक नेमण्याची तरतूद १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात आहे; अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समितीकडे. ‘निरामया’ विम्यात लाखापर्यंत उपचारखर्चही मिळतो. २०१४ साली जिल्ह्याचे ठिकाण ठाण्याहून पालघरला आले खरे. रोज बुडवून हेलपाटे घालणाऱ्या बापाला तेही दूरच. कार्यकर्त्यांनी येत्या यात्रेत हे अर्ज भरून देणारे एक टेबल मांडावे आणि दिव्यांगत्वाच्या दाखल्याची आठवण आधीच पाड्यापाड्यांवर द्यावी.