धडधाकट यंत्रांचं भंगार

"स्कॅनर चांगलाय रे, पण नव्या कॉम्प्युटरला चालत नाही म्हणतात." हे वाक्य गेल्या वर्षभरात मी मामांकडून ऐकलं, वहिनीकडून ऐकलं, सोसायटीच्या सेक्रेटरींकडूनही ऐकलं. आणि प्रत्येक वेळी पुढचं वाक्य तेच, "दिला भंगारवाल्याला." कोणालाही त्यात काही खटकत नाही, आणि मला नेमकं तेच खटकतं. काच शाबूत, दिवा शाबूत, मोटर फिरतेय. मग बिघडलं काय?

बिघडलं काहीच नाही. दुभाष्या मेला, एवढंच. (जाणकार ब्लॉगर मंडळींनी हा परिच्छेद सोडून द्यावा, हा घरच्यांसाठी आहे.) ड्रायव्हर म्हणजे गाडीचा नव्हे, तर कॉम्प्युटर आणि यंत्र यांच्यामधला दुभाष्या. कॉम्प्युटर म्हणतो "हे पान वाच", ड्रायव्हर ते त्या यंत्राच्या बोलीत सांगतो. ही बोली प्रत्येक कंपनीची वेगळी आणि बहुतेकदा गुपित. ६४-बिट विंडोज घराघरांत आलं तेव्हा जुने ३२-बिट ड्रायव्हर त्यावर चालेनात. कंपन्यांनी नव्या मॉडेलांचे ड्रायव्हर लिहिले, जुन्यांतल्या कित्येकांचे लिहिलेच नाहीत. कशाला लिहितील? जुना स्कॅनर चालला तर नवा कोण घेणार!

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट संपला. विंडोज ११ला टीपीएम २.० लागतं आणि प्रोसेसरही त्यांच्या यादीतला लागतो. म्हणजे आता नुसते स्कॅनर-प्रिंटर नाहीत, अख्खे चालू कॉम्प्युटर त्याच वाटेवर आहेत.

या सगळ्याला "तंत्रज्ञान पुढे जातं, चालायचंच" असं म्हणणारे लोक मला पटत नाहीत. तंत्रज्ञान आपोआप कुठेही जात नाही. कोणीतरी एका मीटिंगमध्ये बसून ठरवतं की अमुक मॉडेल आता बंद. आणि दुसरीकडे कोणीतरी रात्री जागून ठरवतं की नाही, हे चालवून दाखवायचं.

हे दुसरे लोक काय करतात ते सांगतो, कारण त्यांना "रिकामटेकडे" म्हणणारे महाभाग आपल्याच घरात आहेत. :) समजा एक स्कॅनर आहे, त्याची काहीही माहिती नाही. मग व्हर्च्युअल मशीनमध्ये जुनं विंडोज टाकायचं, त्यात कंपनीचा ड्रायव्हर, आणि यूएसबीच्या तारेतून जाणारा प्रत्येक बाइट टिपून ठेवायचा. कोरा कागद स्कॅन करायचा. मग फक्त रिझोल्यूशन बदलून पुन्हा तोच कागद. दोन नोंदी शेजारी ठेवून काय बदललं ते शोधायचं. असं शेकडो वेळा. 'सेन' हा प्रकल्प १९९०च्या दशकापासून हेच करत आलाय, आणि आज कंपन्यांनी वाऱ्यावर सोडलेली शेकडो मॉडेलं त्याच्या जिवावर लिनक्सवर चालतात.

प्रिंटरचं उदाहरण घ्या. एचपीचा लेझरजेट १०२० आपल्याकडे वकिलांच्या ऑफिसात, झेरॉक्सच्या दुकानात अजून दिसतो. त्याच्या पोटात स्वतःची अक्कल जवळजवळ नाही. दर वेळी चालू केला की फर्मवेअर कॉम्प्युटरकडून भरावं लागतं, तेव्हा कुठे तो जागा होतो. रिक रिचर्डसन या माणसाने त्या जातीच्या प्रिंटरांची बोली उलगडून 'फू-टू-झेडजेएस' हा मुक्त ड्रायव्हर लिहिला. फर्मवेअर मात्र आजही कंपनीचंच, बंद पेटीतलं. म्हणजे स्वयंसेवकाने कितीही केलं तरी एक किल्ली मालकाच्याच कमरेला!

"हे बेकायदेशीर नाही का?" असं एका भाच्याने विचारलं होतं. नाही. आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२मध्ये १९९९च्या दुरुस्तीने स्पष्ट सवलत आहे. तुमच्याकडे प्रोग्रॅम रीतसर असेल आणि दुसरा प्रोग्रॅम त्याच्याशी जुळवायला लागणारी माहिती सहज मिळत नसेल, तर ती शोधून काढायला जे करावं लागेल ते करता येतं. कायदा आपल्या बाजूने आहे. आळस मात्र आपला आहे.

आणि पुण्याने तरी हा धडा विसरू नये. १९८८ साली सी-डॅक इथे आलं. त्यांचं जिस्ट कार्ड कॉम्प्युटरमध्ये बसवलं की डॉसच्या पडद्यावर देवनागरी उमटायची. आज ते कार्ड बसवायला तसा स्लॉटच नाही. पण इस्कीमध्ये साठवलेला मजकूर अजून वाचता येतो, कारण इस्की हे १९९१चं भारतीय मानक म्हणून छापून प्रसिद्ध झालं होतं. आयसीयू या मुक्त लायब्ररीत आजही त्याचं रूपांतर आहे. याउलट ज्या फाँटांची सांकेतिक मांडणी प्रत्येक कंपनीची आपापली होती, त्यात टाइप केलेली मराठी पुस्तकं आज उघडली की "¨É®ú" छापाचा गिचमिडा दिसतो, आणि ती सोडवायला कोणीतरी पदरमोड करून कन्व्हर्टर लिहीत बसतं. कार्ड दोन्हीकडचं गेलं. फरक पडला तो कागदावर छापलेल्या मानकाने.

म्हणून माझी मागणी साधी आहे. कंपनीने यंत्राला कायम सांभाळावं असं मी म्हणत नाही. सोडून द्या खुशाल. पण सोडताना त्याची बोली जाहीर करा. २००७मध्ये लिनक्सच्या ग्रेग क्रोआ-हार्टमनने कंपन्यांना जाहीर सांगितलं होतं की माहिती द्या, ड्रायव्हर आम्ही फुकट लिहून देतो, हवा तर गुप्ततेचा करारही करतो. याहून स्वस्त सौदा कुठल्या बाजारात मिळतो?

सरकारकडेही गाऱ्हाणं आहेच. १ एप्रिल २०२३पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत यंत्रं नीट करून पुन्हा वापरात आणणाऱ्यांची सोय आहे. छान. पण ड्रायव्हरच नसेल तर तो बिचारा नीट काय करणार? स्क्रू घट्ट करणार? २०२२मध्ये केंद्राने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, तेव्हा शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं आणि गाड्या ही क्षेत्रं आधी धरली. प्रिंटर-स्कॅनर त्या नावांत नाहीत.

आता आपल्या आयटीवाल्यांबद्दल. हिंजवडीपासून खराडीपर्यंत ज्यांचे पगार लिनक्सच्या सर्व्हरवर चालतात, त्यांतले किती जण एक तरी ओळ परत देतात? मॉडेल कॉलनीत जीएनयूनिफाय भरायचं तेव्हा उत्साहाने टी-शर्ट घालून फिरलेले कित्येक जण आज "वेळ नाही" म्हणतात. वेळ त्या स्कॅनरवाल्याकडेही नसतो हो. तोही नोकरी करून घरी येतो. ओपनप्रिंटिंगमध्ये उन्हाळी उपक्रमातून काम करणारे बरेच विद्यार्थी भारतातले आहेत, म्हणजे पोरांना जमतंय. थोरांनाच जड जातंय.

असो. नातेवाइकांना एक विनंती. भंगारवाल्याला हाक मारण्याआधी यंत्र उलटं करा, खालच्या चिकटपट्टीवरचा मॉडेल नंबर मला कळवा. सेनच्या यादीत प्रत्येक मॉडेलपुढे ते पूर्ण चालतं, बरं चालतं की अजिबात नाही हे लिहिलेलं असतं, दोन मिनिटांत बघून सांगतो. आणि ब्लॉगर मित्रहो, ज्यांच्याकडे यादीत 'न तपासलेलं' म्हणून नोंद असलेलं यंत्र पडलंय, त्यांनी एका संध्याकाळी ते जोडून बघा आणि निकाल त्यांना कळवा. कोड लिहिता आला नाही तरी चालेल. मामा, तुमचा स्कॅनर गेला तो गेला, पण माळ्यावरचा तो जुना प्रिंटर अजून आहे ना?